आधी खुर्च्या मोजा

वाचकांचे प्रश्न : ऑर्केस्ट्राच्या कचेरीतून

मागच्या अंकातल्या लेखात मी ओघात लिहून गेले की माझी उमेद सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या ‘आर्टिस्टिक प्लॅनिंग’मध्ये, म्हणजे कार्यक्रम आखण्याच्या कामात गेली, थोडी इंग्लंडात, मग मुंबईत वेगवेगळ्या वाद्यवृंदांसाठी. संपादकांनी लगेच खाली ‘प्रश्न पाठवा’ अशी चौकट टाकली. पत्रं बरीच आली. ‘कंडक्टर एवढे हातवारे करतो, त्याच्याकडे वादक खरंच बघतात का?’ हे अनेकांनी विचारलंय. बघतात. किती बघतात ते कंडक्टरच्या लायकीवर, आणि त्याबद्दलचं कचेरीतलं मत छापण्याजोगं नसतं. बाकीचे प्रश्न घेते.

माझी मुलगी बी.कॉम. आहे आणि लहानपणापासून पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकली. वाजवून पोट भरेल असं तिला वाटत नाही, पण ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापनात शिरायचं म्हणते. मला हे कामच कळत नाही. काय वाजवायचं ते कंडक्टर ठरवतो ना? मग ही माणसं करतात काय? — एक आई, डोंबिवली

ताई, कंडक्टर इच्छा सांगतो. ‘सप्टेंबरात बेथोव्हेनची सातवी करू या’ एवढा एका ओळीचा ई-मेल येतो. पुढचं सगळं आमच्याकडे.

एक नमुनाच मांडून दाखवते. बेथोव्हेनची सातवी सिम्फनी सुमारे ३८ मिनिटांची, म्हणजे ती मध्यंतरानंतर. मध्यंतराआधी कॉन्चेर्टो हवा, म्हणजे एकलवादकाने ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायची रचना. पाहुणी व्हायोलिनवादक मेंडेलसोनचा वाजवते म्हणाली. तो २७ मिनिटांचा. आता सुरुवातीला आठ-दहा मिनिटांचं एखादं ओव्हर्चर, म्हणजे नांदीसारखी रचना. कंडक्टर म्हणतो, बेथोव्हेनचंच ‘एग्माँट’ घ्या. ऐकायला झकास आहे. पण मी आधी कागद पुढे ओढते. कुठल्या रचनेला कोणती वाद्यं किती, हे आम्ही आकड्यांत लिहितो. सातवीचं असं : २-२-२-२, २-२-०-०. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट आणि बसून ही फुंकवाद्यं दोन-दोन; मग पितळी वाद्यं : हॉर्न दोन, ट्रम्पेट दोन, ट्रॉम्बोन नाही, ट्युबा नाही. शिवाय टिंपनी (मोठे नगारे) आणि तंतुवाद्यं. मेंडेलसोनलाही नेमके तेवढेच. ‘एग्माँट’ला मात्र हॉर्न चार! म्हणजे नऊ मिनिटांसाठी दोन जादा हॉर्नवादक. ते मुंबईत मिळाले नाहीत तर विमानाचं तिकीट, हॉटेल, व्हिसा आणि आठवडाभराचं मानधन. बेथोव्हेनचंच ‘कोरिओलान’ नावाचं ओव्हर्चर आहे, १८०७ सालचं, आठेक मिनिटांचं. त्याला हॉर्न दोनच.

इथवर कारकुनी. मजा पुढे आहे. ‘एग्माँट’ संपतं विजयाच्या गजरात. सभागृह टाळ्यांनी तापतं आणि त्यावर मेंडेलसोनचं व्हायोलिन सुरू होतं ते अगदी हळुवार, लांबलचक प्रस्तावना न करता. त्या पहिल्या ओळी निम्म्या लोकांच्या कानावरून जातात. ‘कोरिओलान’ उलट विझत जातं. शेवटी तंतुवाद्यांवर बोटांनी छेडलेले मोजके मंद स्वर. त्यानंतर मेंडेलसोन कसा ऐकू येतो ते मुलीला घरी लावून ऐकायला सांगा. पैसे वाचवायला शोधलेली रचना कार्यक्रमालाही सरस ठरली. दर वेळी असं होत नाही. पुष्कळदा आकडे एक सांगतात आणि कान दुसरं. तेव्हा मी कानाच्या बाजूने हिशेब खात्याशी भांडलेय. पण भांडायला जाताना आकडे आपल्या हातात हवेत, नाहीतर ‘मॅडमना ते आवडतं’ म्हणून विषय संपतो.

तालमींचं वेळापत्रकही आमच्याचकडे. एक तालीम साधारण तीन तासांची, मध्ये चहा. ड्वोर्झाकची नववी आणि मोझार्टची चाळिसावी एकाच कार्यक्रमात असतील तर तालमीत ड्वोर्झाक आधी. मोझार्टच्या त्या सिम्फनीत ट्रम्पेट नाहीत, ट्रॉम्बोन नाहीत, टिंपनीसुद्धा नाही. ती सगळी मंडळी चहाच्या सुट्टीलाच मोकळी होतात. क्रम उलटा लावलात तर सात-आठ माणसं दीड तास कॉरिडॉरमध्ये बसून तुमच्या नावाने बोटं मोडतात. कार्यक्रमाचा क्रम वेगळा आणि तालमीचा वेगळा, हे नव्या माणसाच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो.

मुलीला सांगा : व्हायोलिन सोडू नकोस. बो (व्हायोलिनचा गज) वर की खाली यावरून दोन शहाणी माणसं तासभर का भांडतात हे तिला आतून कळतं, ते एमबीएला कळणार नाही. त्याच्या जोडीला पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं एकत्र स्वरलेखन, वाचायला शिकावं : वीस-पंचवीस ओळी एकदम. एक्सेल पक्कं हवं. पत्र लिहिता आलं पाहिजे, विशेषतः नकाराचं. सुरुवात ऑर्केस्ट्राच्या लायब्ररीत किंवा रंगमंचावर खुर्च्या-स्टँड मांडणाऱ्यांबरोबर करावी. तिथे शिकलेलं कुठल्याही पदविकेत मिळत नाही. भारतात जागा फार थोड्या, कारण पूर्णवेळ व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणावा असा एकच : २००६ साली मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात खुश्रू सन्तूक आणि व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी उभा केलेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. पगाराचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. बँकेतल्या मैत्रिणीशी तुलना करू नये.

आमच्या मैफलीत तंबोरे जुळत असताना कलाकार ठरवतो, आज मारवा की पूरिया. तुमच्याकडे म्हणे दोन-दोन वर्षं आधी कार्यक्रम छापून तयार. दोन वर्षांनंतरच्या संध्याकाळी माणसाच्या मनात काय असेल हे तुम्हाला आज कसं कळतं? — एक गायनशिक्षक, नाशिक

गुरुजी, नाही कळत. तुम्ही ज्याला मनात काय आहे म्हणता ते आमच्याकडे रचना निवडण्यात कमी आणि ती वाजवण्यात जास्त असतं. तीच सिम्फनी लागोपाठ दोन संध्याकाळी सारखी होत नाही. आणि सगळंच आयत्या वेळी ठरतं असं तुमच्याकडे तरी कुठे आहे? १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात कलाकार राग मंचावर ठरवत असेल, पण कोण कुणाच्या आधी बसणार हे कुणीतरी महिनोन्‌महिने आधी डोकं खाजवून ठरवलेलं असतं. तो माणूस माझा जातभाई.

दोन वर्षं लागतात त्याची कारणं रुक्ष आहेत. नावाजलेल्या एकलवादकाची डायरी तेवढी आधीच भरते. त्याच्या एजंटकडे आम्ही तारखेवर ‘होल्ड’ टाकतो, म्हणजे पेन्सिलीने नाव लिहून ठेवतो. दुसऱ्या कुणाला तीच तारीख हवी असेल तर त्याचा दुसरा होल्ड. त्याने पक्कं करायची तयारी दाखवली की एजंट आम्हाला फोन करतो : घेताय की सोडताय, लवकर सांगा. तेवढ्यात सभागृह, कंडक्टर, पैसे, सगळं जुळलेलं असावं लागतं. मुंबईत आणखी एक गोष्ट. एनसीपीएच्या ऑर्केस्ट्राचा गाभा वर्षभर इथे राहतो, पण पुरा सिम्फनीचा संच हंगामापुरता बाहेरून वादक बोलावून भरला जातो. मग फेब्रुवारीच्या हंगामासाठी व्हिसाचे कागद पावसाळ्यातच हलायला हवेत.

गायकवृंद लागला की वेगळीच गंमत. बेथोव्हेनच्या नवव्या सिम्फनीत शेवटच्या भागात कोरस उभा राहतो. वादक पगारी, त्यांना तालीम दिवसा हवी. मुंबईतले कोरसवाले बहुतेक हौशी. कुणी शाळेत शिकवतं, कुणी दवाखाना चालवतं. ते सातशिवाय येत नाहीत आणि वसई-विरारकडचे साडेनवानंतर घड्याळाकडे बघायला लागतात. म्हणून कोरसची तालीम पियानोवर काही महिने आधीच सुरू करायची आणि ऑर्केस्ट्राबरोबर एकत्र संध्याकाळी मोजक्याच ठेवायच्या. त्या संध्याकाळींसाठी वादकांची दिवसाची तालीम कापावी लागते. ही कातरी चालवताना दोन्ही बाजू आपल्यावर रुसतात, हे धरूनच चालायचं.

एवढं करूनही एकलवादक आदल्या दिवशी आजारी पडतो. तेव्हा सर्वांत मोठा वादक कोण हे कुणी शोधत नाही. हाच कॉन्चेर्टो कुणाच्या बोटांवर आत्ता आहे, तो मुंबईपासून एका विमानाच्या अंतरावर आहे का, आणि त्याच्याकडे भारताचा चालू व्हिसा आहे का, एवढंच बघतात. अशी यादी मी कायम जवळ ठेवत असे. तिसऱ्या अटीवर भलीभली नावं गळतात.

बेथोव्हेन, मोझार्ट यांचे सगळे पार्ट (एकेका वाद्याच्या स्वरलेखनाचे कागद) इंटरनेटवर फुकट मिळतात. मग ऑर्केस्ट्रा भाड्याने का आणतात? कुणीतरी खातंय का? — कायद्याचा एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

बेथोव्हेन भाड्याने कुणी आणत नाही. चांगली आवृत्ती एकदा विकत घेतात आणि ती पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. फुकटची पीडीएफ वापरायला हरकत कायद्याची नसते, अडचण कागदाची असते. जुन्या छपाईतल्या चुका तशाच, ए-फोर कागदावर स्वर मुंगीएवढे, पान उलटायची जागा नेमकी जिथे दोन्ही हात गुंतलेले तिथे. कंडक्टरच्या स्कोअरमधल्या मापांचे, म्हणजे तालाच्या घरांचे, क्रमांक पार्टशी जुळले नाहीत तर ‘१४२ पासून’ म्हटल्यावर निम्मा ऑर्केस्ट्रा भलतीकडूनच सुरू होतो. तालमीतल्या एका मिनिटाला सत्तर माणसांचं मिनिट लागतं, हे लक्षात घ्या.

भाडं येतं ते अलीकडच्या संगीतकारांसाठी, आणि हा तुमच्या अभ्यासाचा विषय आहे. भारतात लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क, युरोपात ७०. सिबेलिअस १९५७ साली गेला. भारतात त्याचं संगीत २०१८ पासून मोकळं झालं, युरोपात २०२७ अखेरपर्यंत बांधलेलं. तीच दुसरी सिम्फनी मुंबईत वाजवताना एक कागद आणि लंडनच्या दौऱ्यावर नेताना दुसरा. शोस्ताकोविच १९७५ साली गेला, म्हणजे इथेही २०३५ अखेरपर्यंत परवानगी आणि पैसे. अशा रचनांचे पार्ट प्रकाशक बहुधा विकतच नाहीत. काही आठवडे आधी पेटी येते, प्रयोगांच्या संख्येवर भाडं, आणि परत पाठवताना पेन्सिलीच्या खुणा खोडून द्यायच्या.

त्या खुणांमागे केवढं काम असतं! तंतुवाद्यांत एका स्टँडवर दोघं बसतात. पहिली व्हायोलिनं १४, दुसरी १२, व्हिओला १०, चेलो ८, बेस ६ असा पन्नासांचा संच धरला तर पंचवीस स्टँड, पंचवीस पार्ट. कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनांचा प्रमुख, आपल्या पार्टवर बोच्या दिशा लिहितो, त्यावरून बाकीच्या विभागांचे प्रमुख आपल्या खुणा जुळवतात, आणि लायब्ररीतला माणूस त्या हाताने सगळीकडे उतरवतो. मऊ पेन्सिलीने. पेन वापरणाऱ्याला आमच्याकडे माफी नाही.

एका कार्यक्रमात भलंमोठं पितळी वाद्य मांडीवर घेऊन बसलेले गृहस्थ जवळजवळ काहीच वाजवत नव्हते. त्यांना पूर्ण पैसे मिळतात का? — एक निवृत्त पोस्टमास्तर, रत्नागिरी

मिळतात. तुम्ही बहुधा ड्वोर्झाकची नववी ऐकलीत, १८९३ साली न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा वाजलेली. तिच्यात ट्युबा फक्त दुसऱ्या, संथ भागात आहे आणि तिथेही मोजके स्वर. झांज अख्ख्या सिम्फनीत एकदाच, शेवटच्या भागात, तीही हळूच. त्या एका ठोक्यासाठी माणूस अर्धा तास मापं मोजत बसतो. एका मापाने चुकला तर सगळ्यांना कळतं.

ट्युबावाला आठवडाभर अडकलेला असतो, म्हणून आठवड्याचे पैसे. यावर नवशिक्या नियोजकाला हमखास एक युक्ती सुचते : आणलाच आहे तर पहिल्या भागातही ट्युबा असलेलं काहीतरी घेऊ, वाग्नरचा ‘माइस्टरझिंगर’चा प्रील्यूड घेऊ. मग कळतं की त्याला ट्रम्पेट तीन आणि वर हार्प लागते. एकाचे पैसे वसूल करायला गेलो आणि आणखी माणसं वाढवून बसलो.

चेलोला विमानात तिकीट लागतं का? — इयत्ता सातवी, ठाणे

हो, बाळा. केबिनमध्ये न्यायचा तर त्याच्यासाठी आख्खी सीट घ्यावी लागते, बहुतेक वेळा खिडकीची, आणि त्याला पट्टाही बांधतात. जेवण मात्र देत नाहीत! डबल बेस सीटवर मावत नाही, तो कडक पेटीत घालून सामानात जातो. दौऱ्यावर प्रत्येक वाद्याची यादी कस्टम्ससाठी करावी लागते, म्हणजे जेवढी नेली तेवढीच परत आणली हे दाखवता येतं. आणखी एक गोष्ट शाळेत सांग : चांगले बो ब्राझीलच्या पर्नाम्बुको नावाच्या लाकडाचे असतात. ते झाड इतकं कमी झालंय की २००७ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. जुन्या बोच्या टोकाला हस्तिदंत असेल तर विमानतळावर गोची होऊ शकते.

हाऊसफुल्ल कार्यक्रमात नफा होतो का? स्पष्ट आकडे द्या. — एक चार्टर्ड अकाउंटंट, पुणे

साहेब, नाही होत. कुठल्या संस्थेचा ताळेबंद मी इथे मांडणार नाही, पण कच्चं गणित करू. एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये १,१०९ खुर्च्या. समजा सरासरी तिकीट दीड हजार आणि एकही खुर्ची रिकामी नाही : साडेसोळा लाखांच्या थोडं वर. आता समजा पंचवीस वादक बाहेरून आले आणि प्रवास, राहणं, मानधन मिळून प्रत्येकी दीड लाख. साडेसदतीस लाख तिथेच गेले. कंडक्टर, एकलवादक, सभागृह, पार्ट, छपाई, कर अजून बाकीच आहेत. दोन प्रयोग लावले तर उत्पन्न दुप्पट होतं आणि खर्च तेवढा वाढत नाही, म्हणून आम्ही दुसऱ्या संध्याकाळीसाठी जिवाचं रान करतो. तरी तोंडमिळवणी होत नाही ती नाहीच.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली याचं कारण मांडलं. कारखान्यात तेवढ्याच माणसांत दरवर्षी जास्त माल निघतो, म्हणून पगार वाढले तरी निभावतं. बेथोव्हेनची सातवी १८१३ साली पहिल्यांदा वाजली तेव्हा जेवढी माणसं आणि जेवढी मिनिटं लागली, जवळपास तेवढीच आजही लागतात. ती वीस जणांत उरकता येत नाही आणि वीस मिनिटांतही नाही. पगार मात्र बाकीच्या जगाबरोबर वाढतात. हा खड्डा जर्मनीत सरकार आणि नगरपालिका भरतात, अमेरिकेत देणगीदार आणि त्यांनी ठेवलेले निधी, आपल्याकडे ट्रस्ट, कंपन्या आणि काही हौशी श्रीमंत. तुमच्या व्यवसायातली माणसं पहिल्याच बैठकीत ‘वादक थोडे कमी केले तर?’ असं विचारतात. मी त्यांना सातवीचा कागद देते आणि म्हणते, कुठला काढायचा त्यावर खूण करा.

माझे आजोबा मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन वाजवत. त्यांच्या काळी प्रत्येक वाद्यवृंदात गोयंकार असत. आता मुंबईतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रात आमची नावं इतकी कमी का? आम्हाला डावलतात का? — एक वाचक, मडगाव

डावलत नाहीत. साखळी तुटली. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला तेव्हापासून मुंबईला गोव्याच्या वादकांची सवय. चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलेखन वाचायला शिकलेली ही माणसं. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट यांच्यासारख्यांनी हिंदी चित्रपटांच्या चाली कागदावर उतरवून पन्नास-पन्नास वाद्यांत वाटल्या. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, म्हणजे प्यारेलाल यांचे गुरू, यांनी तर १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्याच्यापुढे गायला लावलं. नियोजनाच्या नजरेने बघते तेव्हा मला याचंच नवल वाटतं : दिवसभर रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसांना एकत्र तालमीला आणायचं, तेही स्टुडिओची पाळी बुडू न देता!

पण ते सगळं स्टुडिओच्या रोजच्या पैशांवर उभं होतं. सिंथेसायझर आले, ट्रॅकवर ट्रॅक चढवता यायला लागले, चाळीस व्हायोलिनं बोलावायची गरज संपली. ज्यांची मुलं वाजवणार होती ती बँकेत, आखातात, जहाजांवर गेली. मधली एक पिढी गळाली. आता ऑडिशनमध्ये जगभरच्या कॉन्झर्वेटरींतून (संगीत महाविद्यालयांतून) आलेली मुलं समोर असतात. अनेक ठिकाणी ऑडिशनच्या पहिल्या फेऱ्या पडद्याआड घेतात. अमेरिकेत तर पडद्यापर्यंत गालिचा घालतात, म्हणजे टाचांच्या आवाजावरून बाई की पुरुष हेसुद्धा कळू नये. पडद्याआडून आडनाव ऐकू येत नाही. आजोबांच्या वारशाचा उपयोग नाही आणि तोटाही नाही.

आणि व्हायोलिनवाले गोव्यात आजही मिळतील हो. बसून वाजवणारा कुठून आणाल? ओबो? वाद्य महाग, शिकवणारा नाही, आणि रीड, म्हणजे फुंकायची पट्टी, तर वादक स्वतः घासून बनवतात. दक्षिण फ्रान्सच्या वेताची ती चिपटी मुंबईच्या जुलैमध्ये फुगून भलतीच बोलायला लागते. माझं मत जुनंच आहे : एका हंगामात दोन पाहुणे वादक कमी बोलवावेत, छोट्या संचाचं संगीत घ्यावं, आणि त्या पैशांत बसूनचा एक शिक्षक वर्षभर इथे राहावा. बारा वर्षांचं पोर तयार व्हायला पुढची दहा वर्षं लागतात. देणगीदाराला इतकी लांबची तारीख दाखवणं कठीण, हेही मला कळतं. नातवंडं असतील तर त्यांना व्हिओला द्या. व्हायोलिनच्या गर्दीत उभं राहण्यापेक्षा तिथे दार लवकर उघडतं.

आमच्या मंडळाच्या अमृतमहोत्सवात चाळीस माणसांचा ऑर्केस्ट्रा आणि पुढे नाट्यपदं असा बेत आहे. साथीला तबला आणि आमचा जुना ऑर्गन. तीन लाखांत होईल का? काय काळजी घ्यावी? — एक कार्यवाह, सांगली

तीन लाखांत चाळीस माणसं होणार नाहीत. चौदा होतील.

आपलं संगीत आणि सिम्फनी ऑर्केस्ट्रा यांची गाठ पडते, यात शंका नको. पं. रविशंकर यांनी १९७१ साली पहिला सतार कॉन्चेर्टो लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर केला, दुसरा १९८१ साली झुबिन मेहतांच्या हाताखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर. उस्ताद झाकिर हुसेन यांनी २०१५ साली मुंबईच्या ऑर्केस्ट्रासाठी ‘पेशकार’ हा तबल्याचा कॉन्चेर्टो रचला, २०१९ साली तो इंग्लंडच्या दौऱ्यावरही नेला. पण त्या कार्यक्रमांत प्रत्येक वादकापुढे प्रत्येक स्वर लिहिलेला होता. तुमच्या पदांचे पार्ट अस्तित्वातच नाहीत. कुणीतरी ती ऑर्केस्ट्रासाठी लिहायला हवीत, मग प्रती, मग तपासणी. तुमच्या खर्चाची पहिली ओळ ही आहे, आणि मंडळं नेमकी तीच विसरतात. वादक ठरवण्याआधी लिहिणारा ठरवा आणि त्याला निदान तीन महिने द्या.

दुसरं, पट्टी. तुमचे गायक काळी एकमध्ये गात असतील. पाश्चात्त्य पद्धतीत ती पट्टी म्हणजे पाच कोमल स्वरांचं लेखन. व्हायोलिनवाल्यांना तिथे मोकळ्या तारा मिळत नाहीत, आवाज दबतो आणि सुरही डळमळतात. पांढरी दोनमध्ये तेच बारा जण वीस वाटतात. गायकाला अर्धा स्वर वर चढवायचं, म्हणजे तारसप्तकातल्या जागांचा प्रश्न, म्हणून लिहायला सुरुवात होण्यापूर्वीच त्यांना विचारा. नंतर विचारलंत तर सगळे पार्ट पुन्हा लिहावे लागतील.

तिसरा तुमचा ऑर्गन. त्याचा सूर पक्का, तो हलत नाही, आणि जुने ऑर्गन आजच्या ४४० हर्ट्‌झच्या प्रमाण सुराशी जुळतीलच असं नाही. मोबाइलवरच्या ट्यूनरने आजच मोजा. थोडा फरक असेल तर तंतुवाद्यं ऑर्गनला मिळवून घेतील. फ्लूट आणि क्लॅरिनेट थोडेसेच सरकतात. फरक जास्त निघाला तर ती दोन वाद्यं गाळा किंवा ऑर्गन गाळा. सांगलीत ऑर्गन गाळा असं लिहायची माझी छाती नाही, तेव्हा फ्लूट-क्लॅरिनेट गेले असं धरून चला.

चौथं, ताना. लिहिलेल्या पार्टवर गायक मनाला येईल तेवढा वेळ घेऊ लागला की वादक वाऱ्यावर. यावर सोपा उपाय आहे. जिथे विस्तार करायचा तिथे तंतुवाद्यांना दोन-चार मापांचं फिरतं वळण लिहून द्यायचं, तबला ठेका धरतो, गायक मुखड्यावर परतला की कंडक्टर हात वर करून सगळ्यांना पुढे काढतो. हे जमायला गायकाबरोबर निदान दोन तालमी हव्यात. ‘बुवा डायरेक्ट कार्यक्रमालाच येतील’ असं कुणी म्हणालं तर बेत रद्द करा.

संच असा सुचवते : पहिली व्हायोलिनं चार, दुसरी तीन, व्हिओला दोन, चेलो दोन, बेस एक. हे बारा; वर तबला आणि ऑर्गन. मिरज तुमच्या शेजारी आहे, तेव्हा तंबोऱ्यांची चिंता नाही. बाराही जण मुंबई-पुण्याहून येतील असं धरून प्रवास आणि दोन रात्रींचं राहणं मांडा. पुढच्या पत्रात एवढं कळवा : गायकांच्या पट्ट्या, ऑर्गनचा मोजलेला सूर, आणि रंगमंचाची रुंदी-खोली फुटांत, विंगा सोडून. दोन वादकांमागे एक स्टँड आणि बो मोकळा फिरायला बाजूला जागा लागते. आकडे आले की मांडणीचा नकाशा काढून पाठवते.